दत्ताराम कासवाचे तीन ठोके

एका खाडीच्या तोंडाशी, मुलांनो, एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला समुद्र तडतडायचा थांबला.

तुम्ही म्हणाल, समुद्र कुठे तडतडतो. तडतडतो. वरून कळत नाही. पण पाण्यात कान घातला की मोहरीची फोडणी दिल्यासारखा आवाज सारखा येत असतो. खालच्या खडकांत बोटाएवढ्या कोळंब्या राहतात. त्या आपली एक नांगी चुटकी वाजवावी तशी मिटतात. अशा लाखभर चुटक्या वाजत राहिल्या की तडतड होते. दिवसा होते, रात्री होते, सणावाराला होते. कोळंब्यांना सुट्टी नसते.

आणि त्या दिवशी ती नव्हती.

हे फक्त शलाका टिटवीला कळलं. कारण ऐकणं हेच तिचं काम होतं.

त्या खाडीच्या काठी, तिवरांच्या रांगेमागे, खोल पाणी संशोधन संस्था होती. संस्थेकडे एक लोखंडी मासा होता. जिवंत नव्हे, बनवलेला. त्याच्या पोटात एका कासवापुरती जागा होती आणि पोटाखाली दोन दगड लटकवलेले होते. दगड असले की मासा खाली जायचा. आतून खटका ओढून दगड सोडले की वर यायचा. खाली जाऊन तो गाळ मोजायचा, पाण्याचा खारटपणा चाखायचा आणि कोणते मासे कोणीकडे चाललेत ते बघायचा. म्हणजे खरं तर आत बसलेले दत्ताराम कासव बघायचे. पण अहवालात मासा बघायचा.

दत्ताराम कासवांची नोकरी ऐंशी वर्षांची झाली होती. अजून कायम व्हायची होती.

खालून वर बोललेलं ऐकू येई. एक लांब लोखंडी नळी वरपासून तळापर्यंत सोडलेली होती, तिच्यातून सगळंच ऐकू येई. पण बोललेलं मोजता येत नाही. म्हणून संस्थेने बोलायला बंदी करून ठोक्यांची रीत घातली होती. दर तासाला कासवाने आतून तीन ठोके द्यायचे. तीन ठोके म्हणजे ‘बरं आहे’. काम संपलं की नखांनी पत्रा खरवडायचा. खरवडणं म्हणजे ‘वर येऊ का’. मग वरून ‘ये’ अशी हाक गेली की दगड सोडायचे. हाक येईपर्यंत सोडायचे नाहीत.

हा नियम वेडेपणाचा नव्हता बरं का. खाडीच्या तोंडातून दिवसभर होड्या जातात. न विचारता वर येणारं कासव होडीच्या बुडाला आपटतं. दत्तारामांच्या आधीचे कासव असेच एकदा न विचारता वर आले होते. त्यांची पाठ संस्थेच्या बैठकीच्या खोलीत मानाने टांगलेली आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कासव एका दमात एक भरती काढतं, जास्त नाही. ओहोटी संपता संपता खाली जायचं आणि भरती पुरी व्हायच्या आत वर यायचं. काठावर एक खुंट पुरलेला होता आणि त्याच्यावर चुन्याची रेघ होती. पाणी रेघेला लागलं की कासवाचा दम संपला. रेघेच्या वर पाणी गेल्यावर काय करायचं, ते नियमावलीत दिलेलं नव्हतं.

आता शलाकाविषयी. टिटव्यांच्या घराण्यात, आभाळ पडेल म्हणून दोन्ही पाय वर करून झोपायची पद्धत आहे. शलाका कॉलेजात शिकलेली असल्यामुळे एकच पाय वर करायची. बाकी ती पान पडलं तरी दचके. कुणी मागून “शलाका” म्हटलं तरी दचके. म्हणूनच तिला घेतलं होतं. जो दचकतो त्याचे कान जागे असतात, असं मुलाखतीत कुणीतरी म्हणालं होतं.

पण वर्षभरात तिने चाळीस वेळा धोक्याची सूचना दिली होती. त्यातल्या एकोणचाळीस वेळा नळीवर खेकडा चढला होता. उरलेल्या वेळी तो तिच्याच पोटातला आवाज होता. त्यामुळे संस्थेत आता तिच्या दचकण्याकडे कुणी मान वळवून बघत नसे.

तर त्या दिवशी तडतड नव्हती. शलाकाने कानाला लावलेला नळीचा शंख काढला, झटकला, पुन्हा लावला. शांत. इतकं शांत की तिला स्वतःचं गिळणं ऐकू आलं.

तेवढ्यात दहाचे ठोके आले.

ठक. ठक. खों. ठक.

दुसऱ्या ठोक्यानंतर दत्तारामकाका खोकले होते. खोकला ऐकून तिला बरं वाटलं. खोकणारं माणूस सुखरूप असतं, निदान खोकण्यापुरतं.

अकरा वाजता पुन्हा. ठक. ठक. खों. ठक.

हवा बदलली असेल, ती मनाशी म्हणाली.

बारा वाजता. ठक. ठक. खों. ठक.

आता मला सांगा मुलांनो, तुमच्या आजोबांना खोकला आहे. पण ते दर तासाला, दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्याच्या बरोब्बर मधे, एकसारखं खोकतात का? शलाकाच्या पाठीवरची पिसं उभी राहिली. ती उठली आणि नळीच्या वरच्या तोंडाशी गेली. तिथे बगळे होते.

शुभ्रकांत बगळे हे निवडणी विभागाचे प्रमुख. हा विभाग आधी नव्हता. संध्याकाळी पाहणी मंडळ येणार होतं, म्हणून त्याच सकाळी उघडला होता. नळीतून येणारा आवाज आता सरळ शलाकाच्या शंखात जात नसे. आधी बगळ्यांच्या सुपात पडे. बगळे एका पायावर उभे राहून, तांदळातले खडे निवडावेत तसा एकेक नको असलेला आवाज चोचीने उचलत आणि मागच्या रांजणात टाकत. उरलेला स्वच्छ आवाज शंखात जाई.

“येऊ का, साहेब?”

“ये. एक्केचाळिसावा का गं?”

“साहेब, समुद्र तडतडत नाहीये.”

“काढली ती.”

“काय काढली?”

“तडतड. आलेखाला पुटकुळ्या आल्यासारख्या दिसत होत्या. मंडळापुढे असा आलेख ठेवायचा? आता बघ.”

शलाकाने पाहिलं. आलेख खरोखरच सुंदर होता. थिजलेल्या तुपासारखा.

“आणि होड्या?”

“काढल्या.”

“ढोमे मासे डुरकतात ते?”

“ते सगळ्यात आधी काढलं. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.”

“आणि दत्तारामकाकांचे ठोके?”

“छे, ते कसे काढीन. त्यांच्यासाठीच तर एवढं सगळं. फक्त अकराचे आले नाहीत, म्हणून दहाचेच घातले.”

शलाकाचे पंख आपोआप उघडले. तिने ते ओढून मिटले.

“आले नाहीत म्हणजे?”

“अगं, ठोक्यांच्या जागी भलतंच काहीतरी आलं. आलेखात भोक पडतं मग. बाराला पुन्हा तेच. पुन्हा दहाचे भरले. परक्याचे नाहीत, त्यांचेच आहेत. सकाळचे असले तरी अजून चांगले आहेत.”

“भलतंच म्हणजे काय, साहेब?”

“खर्रर्र असं काहीतरी. नळीचा दोष असणार. हे बघ, आलंच परत.” बगळ्यांनी सुपातून एक लांब खरखरीत आवाज चोचीत धरला, नाक मुरडलं आणि रांजणात सोडला. “झाकण काढून बघ हवं तर. पण परत लाव, गोंगाट बाहेर येतो.”

शलाकाने झाकण उचललं. आतली सकाळभराची तडतड एकदम तिच्या तोंडावर उडाली. ती तीन पावलं मागे गेली. मग पुढे आली आणि रांजणात मान घातली.

तळाशी अकराचं खरवडणं होतं. हळू, मधे मधे थांबून. दारात उभं राहून कुणी भिडस्तपणे घसा साफ करावा तसं. त्याच्यावर बाराचं होतं. ते जरा लांब होतं. आणि सगळ्यात वर आत्ताचं पडलं होतं, अजून ओलं. ते थांबतच नव्हतं.

“साहेब, हे ‘वर येऊ का’ आहे. त्यांचं काम लवकर संपलंय. ते तासाभरापासून विचारतायत आणि त्यांना कुणी काही सांगत नाहीये.”

“असेलही,” बगळे म्हणाले. “पण आता निवडून झालं ना ते. निवडलेले खडे परत सुपात घालतेस का घरी?”

शलाकाने खुंटाकडे पाहिलं. पाणी रेघेपासून एक वीत खाली होतं.

संस्थेचे संचालक रावसाहेब पाणकावळे काठावरच्या खडकावर पंख पसरून बसले होते. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एक फार मोठी बुडी मारली होती. तिच्यावरच ते संचालक झाले होते. तेव्हापासून ते पंख वाळवत होते.

“रावसाहेब, दत्तारामकाकांना वर बोलवा.”

“बसा, टिटवीबाई.”

“बसायला वेळ नाहीये.”

“मग बसून घाईघाईने सांगा. उभ्याने सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही.”

शलाका बसली. तिने सांगितलं. तडतडीपासून सांगितलं, खोकल्यापर्यंत सांगितलं, रांजणाचं सांगितलं. पाणकावळ्यांनी मधे दोनदा उजवा पंख उन्हाकडे वळवला. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, कारण पहिल्यांदा ते फक्त समजून घेत होते.

“आलेख काय म्हणतो?” त्यांनी विचारलं.

“आलेख म्हणतो, बरं आहे.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हणते, बरं नाहीये.”

“बघा आता. आलेख शांत आहे. तुम्ही थरथरताय. तुम्ही माझ्या जागी असतात तर कुणाचं ऐकलं असतंत?”

प्रश्न रास्त होता. कॉलेजात ती जे जे शिकली होती ते सगळं आलेखाच्याच बाजूचं होतं.

“माझं चुकलं असेल,” ती म्हणाली. “चुकलं असेल तर काका वर येतील आणि मला बोलतील. मी ऐकून घेईन. पण माझं बरोबर असेल तर ते वर येणार नाहीत.”

“भावना पोचल्या,” पाणकावळे म्हणाले. “पण तुमचा विभाग ऐकण्याचा. ऐकणाऱ्यानेच हाक मारली की त्याला आपलीच हाक ऐकू येते आणि मोजमाप बिघडतं. शास्त्र आहे हे. हाक विभाग वेगळा ठेवलाय तो उगाच नाही. विश्रामला जाऊन सांगा. माझा होकार आहे.”

“लेखी द्याल?”

“पंख ओले आहेत.”

पाणी रेघेपासून चार बोटं राहिलं होतं.

विश्राम बेडूक हे हाक विभागाचे प्रमुख, आणि दुसरं कुणी नसल्यामुळे हाक विभागही तेच. बेडूक पडला गोड्या पाण्यातला. खाऱ्या पाण्याने त्याच्या अंगाची आग होते. म्हणून हाक विभाग समुद्रापासून दोनशे पावलांवर, संस्थेच्या मागच्या विहिरीत होता.

शलाका काठावरून वाकली. “विश्रामभाऊ, आहात का खाली?”

“खालीच असतो मी. कोण, ऐकणारी का? आज कशी वाट चुकलीस? तुमच्या लोकांना आमची आठवण गणपतीत तरी येते का कधी?”

“भाऊ, नंतर रुसा. दत्तारामकाकांना ‘ये’ म्हणायचंय. आत्ताच्या आत्ता. रावसाहेबांचा होकार आहे.”

“हात्तिच्या, मग आधी नाही का सांगायचं.”

विश्रामने गालफडं फुगवली. एवढी फुगवली की शलाकाने डोळे मिटून घेतले. मग त्याने हाक मारली.

“ये.”

काय हाक होती. विहिरीच्या काठावरची माती सुटून पाण्यात पडली.

“ये,” विहीर म्हणाली. “ये. ये.”

“झालं काम,” विश्राम म्हणाला. “आली ओ. एकदा मारली, तीनदा आली. अकरा वर्षांत आमची एक हाक वाया गेलेली नाही. मंडळाला सांग.”

“भाऊ, ती विहीर बोलली.”

“मग? ते पण पाणीच ना?”

“काका समुद्रात आहेत.”

विश्रामची गालफडं बसली. “समुद्रात मी एकदा मारून बघितली होती,” तो म्हणाला. “विभाग नवीन होता तेव्हा. काही परत आलं नाही. तेव्हापासून आम्ही समुद्र वापरत नाही. रोज होडीवालाच वल्हं आपटून काकांना बोलावतो म्हणे, पण तो आज मंडळाला आणायला गेलाय.”

शलाका उडत परत आली. वाटेत तिला दोनदा वाटलं की आपलंच चुकतंय. काका खाली निवांत बसले असतील, खरवडणं खरंच नळीचा दोष असेल, आणि हा एक्केचाळिसावा असेल. तिसऱ्यांदा वाटायच्या आत ती नळीपाशी पोचली होती.

पाणी रेघेपासून एका बोटावर होतं.

नळीवर पाटी होती. ‘हात लावू नये.’ शलाकाने पाटी वाचली. ती नेहमीच वाचत असे. मग तिला आठवलं, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिला एक शंका आली होती. ज्या नळीतून खालचं वर येतं, तिच्यातून वरचं खाली का जाणार नाही? परीक्षेला नव्हतं म्हणून तिने ती सोडून दिली होती.

तिने कालवं फोडायचा दगड उचलला आणि थांबली. समोर एका पाणमांजराची होडी होती. पाणमांजर आडवं पडून, पोटावर शिंपला ठेवून, वल्हं मारल्यासारखं करत चाललं होतं. आता हाक मारली आणि काका नेमके त्याच्याखाली वर आले तर? तर ते आपल्यामुळे.

“दादा,” ती ओरडली, “जरा लवकर व्हा ना पुढे.”

“कशापायी?” पाणमांजराने विचारलं.

“खालून कासव यायचंय.”

“मग येऊ दे की. माझ्या बापाचा समुद्र आहे का?”

“तुमच्या होडीखालून येईल.”

पाणमांजर उठून बसलं, शिंपला बगलेत मारला आणि खरोखरचं वल्हं मारायला लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा शलाकाचं कुणीतरी लगेच ऐकलं होतं. होडी तोंडापलीकडे गेली. पाणी मोकळं झालं.

शलाकाने नळीवर दगड मारला.

आवाज एवढा मोठा झाला की ती स्वतःच चार हात वर उडाली. दगड चिखलात पडला. ती खाली आली, दगड शोधला, पुसला आणि पुन्हा मारला. ‘ये’ म्हणायला किती ठोके लागतात ते तिला माहीत नव्हतं. नियमावलीत हाक होती, ठोके नव्हते. म्हणून, शेजारणीचं दूध उतू जातंय आणि ती आत झोपलीय, अशा वेळी आपण दार वाजवतो ना, तसं तिने वाजवलं.

शुभ्रकांत बगळे सूप घेऊन धावत आले. “अगं ए, सगळं सांडलं. दहाचे ठोके होते तेवढे पण सांडले. आता मी आलेखात काय घालू?”

मागून रावसाहेब पाणकावळे आले. पंख पसरलेलेच होते, त्यामुळे त्यांना तिवरांतून आडवं यावं लागलं. “टिटवीबाई, हे कोणत्या नियमाखाली चाललंय?”

शलाका दगड मारत राहिली.

“किती ठोके झाले हे? कुणी मोजतंय का?”

“मोजू नका, रावसाहेब,” ती म्हणाली. “हे मोजण्यासाठी नाहीयेत.”

मग ती थांबली, कारण थांबल्याशिवाय ऐकू येत नाही. तिने शंख बाजूला ठेवला आणि कान सरळ नळीच्या लोखंडाला लावला.

काही नाही.

पाणी रेघेला लागलं. चुना जरासा विरघळला आणि पांढरं पाणी खुंटाभोवती फिरलं. बगळ्यांनी सूप खाली ठेवलं. पाणकावळ्यांनी, अकरा वर्षांत प्रथमच, पंख मिटले.

शलाकाने आणखी एकदा वाजवलं आणि पुन्हा कान लावला.

खूप खालून, नियमात न बसणाऱ्या बसक्या आवाजात, दत्ताराम कासव म्हणाले, “ऐकलं गं बाई, ऐकलं. सोडतोय दगड. तेवढी नळी फोडू नकोस.”

तात्पर्य : शहाण्याने हाक नेहमी विहिरीत मारावी. ओ हमखास येते, आणि कुणाला वर घ्यावं लागत नाही.